विचारलं तर नाही म्हणायचं

भारतात जाणारा माणूस आमच्यात कधी एकटा जात नाही. त्याच्या बॅगेत निम्मं मराठी मंडळ असतं. कुणाच्या आईचं गुडघ्याला लावायचं मलम, कुणाच्या भाच्याचे बूट, कुणाच्या सासऱ्यांचं साखर मोजायचं यंत्र. इथे डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयमध्ये कुणी तिकीट काढलं की बातमी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि मग फोन सुरू होतात. "अगदी छोटंसं आहे रे, हाताएवढं." ते हाताएवढं पाव बॅग खातं. मीही पाठवलं आहे, मीही नेलं आहे. आणि नेताना प्रत्येकाला एक गोष्ट पाठ असते. विमानतळावर काउंटरवरची मुलगी विचारते, बॅग तुम्हीच भरली का, कुणी काही न्यायला दिलंय का. तेव्हा तिच्याकडे बघून हसायचं आणि म्हणायचं, नाही, सगळं माझंच आहे. या प्रश्नाला खरं उत्तर दिलेला माणूस मी तरी आमच्यात पाहिलेला नाही. डॉक्टर नाहीत, इंजिनिअर नाहीत, घरोघरी सत्यनारायण सांगणारे गुरुजीसुद्धा नाहीत.

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात प्रतापने नाझिमला तेच सांगितलं. "विचारलं तर नाही म्हणायचं बरं का. उगाच खोलत बसतात."

प्रताप म्हणजे माझा नवरा. मी डॉक्टर होते, त्याने जन्मभर गाड्यांच्या इंजिनांवर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर बेसमेंटमध्ये जाऊन बसला. तासगावला त्याच्या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. तिकडे वीज येते तेव्हा येते, म्हणून फोनवरून पंप चालू करायची यंत्रं लोक वापरतात. ती तिथल्या दुकानात सर्रास मिळतात, हे मी प्रतापला सांगून थकले. पण दुकानातलं यंत्र म्हणजे कचरा आणि आपण केलेलं म्हणजे भारी, असा त्याचा हिशेब. त्याने हिवाळाभर खपून तशी काही यंत्रं तयार केली. सर्किट, सिमकार्डाची जागा, बॅटरी, टायमर आणि लाल-काळ्या वायरी. ती सगळी त्याने बिस्किटांच्या रिकाम्या निळ्या डब्यात बसवली. मी झाकणाला चिकटपट्टी लावली, कारण प्रतापला चिकटपट्टीचं टोक कधी सापडत नाही.

नाझिम परकार चिपळूणचा. इथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मंडळाच्या नाटकांचे दिवे आणि आवाज तोच बघायचा, गणपतीच्या मखरावर माळा सोडायला शिडीवर तोच चढायचा. सगळे त्याला 'आपला नाझिम' म्हणायचे. त्या 'आपला'वर जरा जास्तच जोर असायचा, पण म्हणायचे. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. त्याची बायको रुबीना एका हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला, तिला रजा मिळाली नाही, म्हणून तो एकटाच निघाला होता. कामावरून तिने त्याला फोनवरच निरोप दिला आणि तो टॅक्सी करून विमानतळावर जाता जाता आमच्याकडे थांबला. मी त्याला बळेच थालीपीठ खायला लावलं. डबा त्याने कपड्यांच्या मध्ये खोचला, वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला आणि गेला. स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. एवढं लक्षात ठेवा.

तो चिपळूणला पोचलाच नाही.

डेट्रॉइटच्या विमानतळावर त्याची बॅग बाजूला काढली. नेहमीचा प्रश्न विचारला आणि नाझिमने नेहमीचं उत्तर दिलं. मग त्याच्यासमोर डबा उघडला. आता त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. परकार नावाचा दाढीवाला तरुण, डब्यात बॅटऱ्या, टायमर आणि फोनवरून चालणारी सर्किटं, आणि हे कुणी दिलं म्हटल्यावर तो म्हणतो, कुणी नाही, माझंच आहे. त्याचा फोन घेतला, लॅपटॉप घेतला. व्हिसा रद्द केला. आणि व्हिसा नाही म्हटल्यावर तो या देशात बेकायदा राहतोय, म्हणून त्याला इमिग्रेशनच्या कोठडीत टाकलं. उत्तरेला, गाडीने अर्धा दिवस लागतो अशा ठिकाणी.

आरोप? आरोप कसलाच नाही. मी हे रुबीनाच्या वकीलबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. त्या शेजारच्या डिअरबॉर्न गावच्या, लेबनीज, आणि असल्या केसेस करून करून त्यांचा आवाज सपाट झालेला. त्या म्हणाल्या, आरोप ठेवला तर तो सिद्ध करावा लागतो. त्यापेक्षा हे सोपं. दहशतवादाचा संशय आहे, तपास चालू आहे, तोवर माणूस आत. तपास कधी संपणार याला बंधन नाही.

हे सगळं मला पुढे कळलं. सुरुवातीला आम्हाला एवढंच माहीत होतं की नाझिमला विमानतळावर अडवलंय. मी प्रतापला म्हटलं, "तुझ्या डब्यामुळे असेल." तो म्हणाला, "कशाला? काहीतरी व्हिसाची भानगड असेल." आणि बेसमेंटमध्ये गेला.

दोन-चार दिवसांनी मी पोहायला गेले होते. परत आले तर सिंकमध्ये कप दिसले. प्रताप एकटा असताना स्वतःपुरता चहा करून कप तिथेच विसरतो, पण हे पाहुण्यांचे, सोनेरी काठाचे कप होते.

"कोण आलं होतं?"

"अगं, फेडरल सरकारची दोन माणसं. नाझिमबद्दल रूटीन चौकशी. मंडळात कसा आहे वगैरे. मी म्हटलं, चांगला मुलगा आहे."

"आणि डब्याचं?"

"ते सगळं हॅन्डल केलं मी."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. या वयात, फेडरलच्या माणसांना समोर बसवून, चहा पाजून, डबा माझा आहे म्हणून सांगणारा नवरा. संध्याकाळी मी त्याच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली, त्याला आवडते म्हणून. त्याने ती खाल्ली. हे आठवलं की अजून माझ्या अंगाची लाही होते. त्याने ती खिचडी मागून मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुबीना दारात उभी. कामाचा पांढरा कोट तसाच अंगात. मी तिला आत घेतलं. प्रताप दुकानात गेला होता.

"काकू, काकांनी असं का सांगितलं?"

"कसं?"

"नाझिम पहिले दोन दिवस सगळं माझंच आहे म्हणत होता. काकांना या वयात त्रास नको म्हणून. मग वकीलबाई ओरडल्या त्याच्यावर, तेव्हा त्याने खरं सांगितलं, की डबा काकांनी दिलाय. ते लोक इथे येऊन विचारून गेले. काका म्हणाले, मी त्याला काहीही दिलं नाही. असला डबा मी पाहिलासुद्धा नाही." ती रडत नव्हती. रडून झालं होतं बहुतेक. "आता ते म्हणतात, हा एकदा नाही, दोनदा खोटं बोलला. आणि एका म्हाताऱ्या अमेरिकन सिटिझनवर ढकलतोय."

मी तिला पाणी दिलं. स्वतःही प्यायले.

"काहीतरी गैरसमज झालाय," मी म्हटलं. "मी काकांना घेऊन येते वकिलांकडे. उद्याच."

माझा अजून विश्वास होता. घाबरला असेल, मी समजावलं की येईल सरळ. पन्नास वर्षं मी या माणसाबरोबर काढली. आम्ही आलो तेव्हा खिशात काही नव्हतं, आणि पहिल्याच नोकरीत साहेबाने चुकीचं बिल लावायला सांगितलं तेव्हा ती नोकरी सोडून घरी आलेला हा माणूस. तो प्रसंग आम्ही नीलला लहानपणी किती वेळा सांगितला असेल.

रुबीना गेल्यावर प्रताप आला. हातात कोथिंबीर. मी विचारलं आणि तो खुर्चीत बसला.

"मृणाल, तू शांत हो आधी."

"मी शांत आहे. तू खरं सांग, त्यांना काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, तुम्ही त्याला काही दिलं होतं का. माझ्या तोंडून नाही निघून गेलं. अगं, निघूनच गेलं! आपण नेहमी म्हणतो तसं. आणि एकदा नाही म्हटल्यावर मग हो कसं म्हणणार?"

"आता म्हण. चल, आत्ता फोन कर."

"फेडरल एजंटशी खोटं बोलणं हा गुन्हा आहे. नीलने सांगितलं मला."

म्हणजे नीलला माहीत होतं. आमचा मुलगा दूर दक्षिणेत, अल्फारेटाला कंपन्यांची वकिली करतो. बापाने मुलाला फोन केला होता, मला नाही.

"गुन्हा तू केलायस आणि आत नाझिम आहे."

"त्याला काही होणार नाही गं. फार तर परत पाठवतील. तरुण आहे, शिकलेला आहे, पुण्यात नोकरी मिळेल उद्या. मी कुठे जाणार? या वयात मला जेलमध्ये बघायचंय तुला? आणि खरं सांगू का," तो कोथिंबिरीच्या जुडीचा रबर काढत म्हणाला, "त्याला तसंही धरलंच असतं."

"तसंही म्हणजे?"

तो कोथिंबीर निवडायला लागला.

"तसंही म्हणजे काय, प्रताप? बोल ना. नावावरून?"

"मी तसं म्हटलं नाही."

म्हटलं नाही, पण त्याच भरवशावर तो बसला होता. त्याला पक्कं ठाऊक होतं की ते लोक नाझिमबद्दल वाईट मानायला तयारच आहेत, आपण फक्त गप्प राहायचं. आपला नाझिम! शिडीवर चढवायला आपला, दिवे लावायला आपला. मला तेव्हा माझ्या नवऱ्याची शिसारी आली. हे मी कुणापाशी बोललेले नाही, पण आली.

मी तरातरा बेसमेंटमध्ये गेले. म्हटलं, त्याचं टेबल, त्याच्या वायरी, अर्धवट सर्किटं, सगळ्याचे फोटो काढून वकीलबाईंना पाठवते. टेबल पुसून लख्ख केलेलं होतं. सोल्डरिंग आयर्न नाही, वायरीचा तुकडा नाही. त्यावर माझ्या पापडाच्या पिठाचे डबे ओळीने मांडून ठेवले होते. साबणाचा लिंबासारखा वास येत होता. जन्मात एक बेसिन न घासलेल्या माणसाने माझ्या गैरहजेरीत एवढी साफसफाई केली होती. म्हणजे तोंडून निघून गेलं वगैरे काही नव्हतं.

मी तासगावला दिराला फोन लावला. डबा येणार हे त्याला माहीत होतं, दादा पाठवतोय म्हणून तो बागेत खांब रोवून बसला होता. तो चांगला माणूस आहे. पण तो म्हणाला, "वहिनी, दादानं सांगितलंय, या विषयावर कुणाशी बोलायचं नाही." मी म्हटलं, मी कुणी नाही, मी वहिनी आहे. तो म्हणाला, "तुमचं तर मुद्दाम नाव घेतलंय."

मग मीच जाऊन वकीलबाईंसमोर बसले. डबा कुणी केला, कुणी दिला, चिकटपट्टी कुणी लावली, नाही म्हणायचं कुणी शिकवलं, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून विचारलं, तुमच्या नवऱ्याचं काय होऊ शकतं याची कल्पना आहे ना? मी म्हटलं, आहे. सही करताना रडू आलं. प्रतापसाठीच आलं, खोटं कशाला सांगू. प्रेम काय नळासारखं बंद होतं?

नाझिमला जामिनावर सोडायचं की नाही याची सुनावणी लागणार होती. वकीलबाई म्हणाल्या, तुमचा एकीचा शब्द आहे, पण चांगला आहे. निवृत्त डॉक्टर, सिटिझन, स्वतःच्या नवऱ्याच्या विरुद्ध बोलताय, न्यायाधीश ऐकतील. त्याला ओळखणारे आणखी दहाजण कोर्टात येऊन बसले तर बरं. मी मंडळाच्या अध्यक्षांना, सुमंतला, फोन केला. हा सुमंत नाझिमच्या दिव्यांत उभं राहून दरवर्षी भाषण ठोकतो.

"मृणालिनीवहिनी, आय टोटली अंडरस्टँड," तो म्हणाला. "पण मंडळ नॉन-पॉलिटिकल आहे. आणि आपल्याकडे कितीजण ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये आहेत, तुम्हाला माहितीये. त्यांना कसं सांगू कोर्टात या म्हणून?"

"तू ये. तू तर सिटिझन आहेस."

"मी त्या वीकला ट्रॅव्हल करतोय."

कुठला आठवडा ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

नीलचा फोन आला. तो चिडला की त्याचं मराठी संपतं. "आई, यू कान्ट डू धिस. यू आर गोइंग टू पुट डॅड इन प्रिझन. फॉर समबडी एल्सेस किड!"

"समबडीज किड आहे म्हणूनच, नील. तू असतास तर?"

"इट वुडन्ट बी मी, आई."

"हो," मी म्हटलं. "तेच तर."

त्यानंतर मात्र घरात अचानक शांतता आली. प्रताप भांडेनासा झाला. सकाळी मला चहा करून द्यायचा. गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, अशी विचारपूस करायचा. मी चष्मा शोधायला लागले की लगेच उठून आणून द्यायचा आणि म्हणायचा, "असू दे, होतं असं." शेजारच्या बाई एकदा मला वाटेत थांबवून कशी आहेस म्हणाल्या आणि हात धरून उभ्याच राहिल्या. मला वाटलं, प्रताप आतून हलला आहे. लाज वाटत असेल, बोलता येत नसेल, म्हणून चहातून बोलतोय. सुनावणीच्या सकाळी त्याने माझ्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून दिलं. मला वाटलं, आता म्हणेल, थांब, मीही येतो. तो म्हणाला, "सावकाश चालव."

मी वाटेत रुबीनाला घेतलं आणि आम्ही डेट्रॉइटला पोचलो. कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी. नाझिम तिथे नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर होता, दूरच्या त्या कोठडीतून. नारिंगी कपडे, गाल बसलेले. मला बघून त्याने हात उचलला आणि लगेच खाली घेतला, बहुधा बाजूला कुणी उभं असावं. मंडळातलं कुणी नव्हतं. बाकांवर मी आणि रुबीना.

मी सगळं सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, आवाज खणखणीत आहे, आणि खरं बोलायला आठवावं लागत नाही. न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या, मधे एकदा मान वर करून त्यांनी पंपाबद्दल नीट विचारलंसुद्धा. रुबीना बाकावर पर्स घट्ट धरून पुढे वाकून बसली होती. मला वाटलं, सुटला पोरगा.

मग सरकारी वकील उठला. तरुण, सभ्य मुलगा. त्याने माझी आधी माफी मागितली. म्हणाला, हे वाचावं लागतंय याचं वाईट वाटतं. साक्षीदाराच्या पतीने शपथेवर निवेदन दिलं आहे.

माझी पत्नी मृणालिनी हिची स्मरणशक्ती गेलं वर्षभर ढासळत चालली आहे. ती प्रसंगांची आणि माणसांची गल्लत करते. मी माझ्या भावासाठी अशी यंत्रं करावीत असं आमचं पूर्वी बोलणं झालं होतं, मी ती कधी केली नाहीत. नाझिमवर तिची मुलासारखी माया आहे. त्याच्या अटकेच्या धक्क्याने तिच्या मनाने एक आठवण रचली आहे, आणि ती जे सांगते ते तिला मनापासून खरं वाटतं. हे निवेदन मी तिच्याविरुद्ध नव्हे, तर तिच्या काळजीपोटी आणि प्रेमापोटी देत आहे.

प्रतापचं इंग्रजी मला माहीत आहे. साधी, तुटक वाक्यं. ही गुळगुळीत, एकात एक गुंफलेली वाक्यं त्याची नव्हती. ही कुणाची ते मला पहिल्या ओळीतच कळलं. माझ्या मुलाच्या शाळेतल्या निबंधांवर मी रात्री जागले आहे. बापाला वाचवायला त्याने आईला वेडी ठरवलं, तेही इतक्या सुबक भाषेत. आणि तो चहा, त्या गोळ्या, तो चष्मा, ती हात धरणारी शेजारीण, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. पश्चात्ताप नव्हता तो. तयारी होती.

"हे खोटं आहे!" मी ओरडले. "तो खोटं बोलतोय! माझ्या मुलाने लिहिलंय हे! माझा मुलगा आणि नवरा दोघं मिळून..."

मला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि मी थांबले. पण उशीर झाला होता. म्हातारी बाई, लाल झालेला चेहरा, घरचे सगळे माझ्याविरुद्ध आहेत म्हणून किंचाळतेय. न्यायाधीशबाईंच्या डोळ्यांत शंका आली असती तर परवडलं असतं. त्यांच्या डोळ्यांत दया आली.

वकीलबाईंनी हरकत घेतली, माझी तपासणी करा म्हणाल्या, मुदत मागितली. न्यायाधीशबाईंनी मुदत दिली. पुढची तारीख पडली बरीच लांब, आणि तोवर सरकारचा तपास चालू असल्याने कोठडी कायम. "आल्याबद्दल आभार," त्या मला म्हणाल्या, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून. "जिन्यावरून जपून जा."

पडद्यावर नाझिम मान खाली घालून बसला होता. नंतर पडदा काळा झाला.

आम्ही दोघी पार्किंगमध्ये आलो. बर्फ भुरभुरत होतं. रुबीना गाडीपाशी थांबली. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं.

"काकू, रागावू नका हं."

"बोल."

"घरातून निघताना तो डबा त्याच्याकडे होता की नव्हता, हे मला माहीत नाही. मी कामावर होते. मी पाहिलंच नाही काही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तो म्हणतो काकांनी दिला. तुम्ही म्हणता काकांनी दिला. पण त्याने आधी माझा आहे म्हणून सांगितलं होतं ना. आणि तुम्हाला... काकू, नक्की आठवतंय ना तुम्हाला? काकांनीच दिला होता ना?"

मला वाटलं होतं, त्या कोर्टात मला जे काय लागायचं ते लागून गेलं. तसं नव्हतं. ही पोर मला वेडी समजते याचं दुःख सोडा. मी वेडी ठरले तर तो डबा नाझिमचाच ठरत होता, आणि हे गणित तिने आत्ता, या बर्फात उभं राहून, मनातल्या मनात केलं होतं. प्रतापच्या एका कागदाने नाझिमची बायकोसुद्धा त्याच्याकडून काढून घेतली. आणि ते त्याला तिकडे आत कळणारही नव्हतं.

"आठवतंय गं," मी म्हटलं. मी तिचे दोन्ही खांदे धरले. "सगळं आठवतंय मला. चिकटपट्टी मी लावली. त्याला थालीपीठ मी खायला घातलं. रुबीना, माझ्याकडे बघ. त्याने काहीही केलेलं नाही. काहीही नाही."

"हो काकू," ती म्हणाली.

हा 'हो' माझ्या चांगला ओळखीचा होता. दवाखान्यात माझ्याकडे विसरायला लागलेली माणसं यायची, त्यांच्या लेकीसुनांना बाजूला घेऊन मीच शिकवायचे. वाद घालू नका, ती जे सांगतील त्याला हळूच हो म्हणा, आणि गाडी चालवू देऊ नका.

"हो काकू, बरोबर आहे तुमचं," रुबीना पुन्हा म्हणाली, माझ्या पाठीवर हात ठेवून तिने मला गाडीच्या दुसऱ्या बाजूला वळवलं, आणि माझ्या मुठीतून किल्ली अलगद काढून घेतली.